पिंपातली किल्ली, बाटलीवरची किंमत

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७५७ साली अभिरुचीवर एक निबंध लिहिला. त्यात सर्व्हांतेसकडून घेतलेली एक गोष्ट आहे. दोन जाणकारांना एका पिंपातली वाइन चाखायला बोलावतात. जुनी, चांगल्या सालातली वाइन. पहिला घोट घेतो, जिभेवर घोळवतो आणि म्हणतो, उत्तम आहे, फक्त चामड्याची किंचित चव येतेय. दुसरा म्हणतो, उत्तमच, पण मला लोखंड लागलं. जमलेले लोक दोघांनाही हसतात. पुढे पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी एक जुनी किल्ली सापडते, चामड्याच्या वादीला बांधलेली.

ह्यूमचं म्हणणं असं की रसिकता म्हणजे नुसती ज्याची त्याची आवड नव्हे. वस्तूत काहीतरी असतं, ते टिपणारी जीभ काही जणांनी कमावलेली असते, आणि बाकीच्यांना ते लागलं नाही म्हणून ते तिथे नव्हतं असं ठरत नाही.

अडीचशे वर्षांनी, २००८ साली, कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी वीस जणांना मेंदूतली हालचाल टिपणाऱ्या एफएमआरआय यंत्रात झोपवून नळीतून वाइन दिली. प्रत्येक घोटाआधी त्या वाइनची किंमत सांगितली. वाइन पाच प्रकारच्या आहेत असं त्यांना वाटत होतं. होत्या तीनच, त्यातल्या दोन वेगवेगळ्या किमती लावून दोनदा दिल्या होत्या. नव्वद डॉलरची म्हणून दिलेली वाइन लोकांना दहा डॉलरच्या वाइनपेक्षा सरस वाटली, आणि दोन्ही वेळा वाइन तीच होती. लोक भिडेखातर बोलले असंही म्हणता येत नाही. किंमत वाढली तशी कपाळामागच्या, डोळ्यांच्या खोबणीच्या वर असलेल्या भागात, म्हणजे मध्य ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, हालचाल वाढलेली दिसली. हा भाग सुखद वाटण्याशी जोडलेला मानला जातो. चवीची पहिली नोंद घेणाऱ्या भागांत मात्र किमतीने फरक पडल्याचं आढळलं नाही. जिभेकडून तोच निरोप आला होता आणि सुख वाढलं होतं, तेही खरोखरचं.

मी नाशिकची. गंगापूर धरणाच्या अंगाला शनिवार-रविवारी वाइन चाखायला येणारी माणसं मी पाहते. पहिला घोट घेण्याआधी कुणीतरी हळूच विचारतंच, ‘यातली महागातली कुठली?’ त्या प्रश्नात मला दिखाऊपणा दिसत नाही. आपण काय पितोय हे कळल्याशिवाय नीट पिता येत नाही, अशी काहीतरी प्रामाणिक अडचण त्यात असते. चित्रांच्या प्रदर्शनात चित्राआधी शेजारची पाटी वाचणारी माणसं हेच करत असतात. मीही वाचते.

माझ्यापुढचा प्रश्न या दोन वाइनच्या मधला आहे. पिंपात किल्ली असते आणि बाटलीवर किंमत असते. दोन्ही आपल्या चवीत उतरतात. एखादं शिल्प, एखादा राग, एखादं चित्र मला भिडतं तेव्हा मला यातलं काय लागलेलं असतं? आणि मेंदूचा अभ्यास करणारी मंडळी हे ओळखायला मला मदत करू शकतात का?

कलेच्या बाबतीतही असे प्रयोग झाले आहेत. २००९ सालच्या एका प्रयोगात लोकांना अमूर्त चित्रं दाखवली. काही आर्ट गॅलरीतली म्हणून, काही संगणकाने तयार केलेली म्हणून. गॅलरीची म्हणून दाखवलेली चित्रं जास्त आवडली, आणि मेंदूतला वाइनच्या वेळचा तोच भाग जास्त जागा झाला. २०११ साली ऑक्सफर्डमध्ये रेम्ब्रांटच्या शैलीतली व्यक्तिचित्रं दाखवून असाच अभ्यास झाला. काही अस्सल, काही नकला, आणि सांगितलेली माहिती कधी खरी, कधी खोटी. चित्र खरोखर अस्सल आहे की नक्कल, याने मेंदूच्या दृश्यभागांत फरक दिसला नाही. ‘अस्सल आहे’ असं सांगितलं की सुखाचा भाग उजळला. ‘नक्कल आहे’ असं सांगितलं तेव्हा जे घडलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. त्या वेळी मेंदूचे वेगळेच भाग कामाला लागले, आणि लोकांनी नंतर सांगितलं की आपण चित्रात खोट शोधत होतो. ते ‘अस्सल’ ऐकून सुखावले होते आणि ‘नक्कल’ ऐकून निरखून पाहू लागले होते. याकडे मी पुन्हा येणार आहे.

कलेच्या तत्त्वज्ञांना असले प्रयोग फारसे रुचत नाहीत. गुस्ताव फेक्नरने १८७६ साली आयतांचे आकार लोकांपुढे ठेवून कुठला आवडतो ते विचारलं, तेव्हापासून ही कुरबुर चालू आहे. विटगेनस्टाइनने १९३८ साली केंब्रिजच्या व्याख्यानांत, सौंदर्यशास्त्र ही मानसशास्त्राची शाखा आहे ही कल्पना अगदी मूर्खपणाची म्हणून उडवून लावली. जॉर्ज डिकीने १९६२ साली असा लेखच लिहिला की सौंदर्यशास्त्राला मानसशास्त्राचा उपयोग नाही. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: मला हे चित्र का आवडलं असं विचारल्यावर मी चित्रातल्या गोष्टी दाखवते, हा निळा बघ, ही रेघ इथे अडकलीय ती बघ. मी कारणं देत असते. मेंदूशास्त्रज्ञ सांगतो ते माझ्या आवडण्यामागचं यंत्र, आणि यंत्र कितीही बारकाईने समजावलं तरी माझं कारण योग्य होतं का ते कळत नाही.

युक्तिवाद खोडून काढता येणार नाही इतका मजबूत आहे. तरी तेवढ्यावर दार लावून घेणं मला पटत नाही, कारण त्या प्रयोगांमुळे मला माझ्याच कारणांकडे संशयाने बघता आलं. मी निळ्या रंगाचं कारण देते, पण खरी भुरळ चौकटीवरच्या नावाने घातलेली असू शकते. हे मला कुठल्याही तत्त्वज्ञाने इतक्या ठोसपणे दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या बाजूचा उत्साहही मात्र आवरावा लागतो. लंडनचे सेमिर झेकी यांनी चित्रं आणि संगीत दोन्ही अनुभवताना ‘सुंदर’ या निवाड्याबरोबर मध्य ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्सचा एकच पट्टा जागा होतो असं २०११ साली दाखवलं. २०१४ साली पंधरा गणितज्ञांना साठ समीकरणं दाखवून तोच भाग गणिती सौंदर्यालाही साद देतो असं दाखवलं. विविध सुंदर गोष्टींना मेंदूत एक समान खूण असावी, ही कल्पना मोहक आहे. पण हाच भाग महागड्या वाइनलाही साद देतो, आवडत्या खाण्याला देतो, देखण्या चेहऱ्याला देतो. मग तो उजळला यावरून मला गोडी लागली एवढंच कळतं.

माझे मामा दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार. काढणी जवळ आली की घडाच्या शेंड्याकडचा मणी तोडतात, कारण गोडी शेंड्याला सगळ्यात शेवटी उतरते. त्याचा रस रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे साखर मोजणाऱ्या नळीच्या, काचेवर पिळून झाकण दाबायचं आणि नळी उजेडाकडे धरायची. आत निळ्या-पांढऱ्याची सीमा ज्या आकड्यावर दिसेल तेवढे ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप. एकदा त्यांनी नळी माझ्या हातात दिली, मी बघून म्हटलं, ‘मामा, १८ आलेत की.’ त्यांनी दुसरा मणी तोंडात टाकला, साल दाताखाली चावली आणि म्हणाले, ‘साखर आलीय गं, पण चव अजून पाणचट आहे. चार दिवस थांबू.’ त्यांना तो आकडा लागतोच, त्याशिवाय व्यापाऱ्याशी बोलताच येत नाही. पण तोडा कधी करायचा हे ते आकड्यावर सोडत नाहीत. आंबटपणा किती उरलाय, गर भरलाय का, साल करकरीत आहे का, हे त्यांना एकाच वेळी एका दाण्यात लागतं. मेंदूच्या चित्रांकडे मी या नजरेने बघते. तिथलं मोजमाप खरं आहे आणि ते गोडीचं आहे.

मराठीत या वादाची मांडणी आधीच फार चांगली झालेली आहे, आणि मेंदूविज्ञानावर बोलताना आपण ती विसरतो याचं मला वाईट वाटतं. सौंदर्यमीमांसक रा. भा. पाटणकरांनी सांगितलं की आपल्या सौंदर्यविचाराला दोन ध्रुव आहेत. एका ध्रुवावर अलौकिकतावाद: कलेचा अनुभव स्वायत्त आहे, उपयोग, नीती, व्यवहार यांच्या मापाने तो मोजता येत नाही. दुसऱ्या ध्रुवावर लौकिकतावाद: कला आपल्या रोजच्याच भावनांवर, गरजांवर, मूल्यांवर जगते. कलेबद्दल बोलताना आपण या दोन्ही टोकांकडे ओढले जातो. मर्ढेकर पहिल्या ध्रुवाजवळचे. संवाद, विरोध आणि समतोल या लयींनी बांधलेली संवेदनांची रचना म्हणजे कलाकृती, असं ते मानत, आणि तिथे रोजच्या भावनांना त्यांनी जागा ठेवली नाही. मेंदूविज्ञान आपसूक दुसऱ्या ध्रुवावर उतरतं. कलेसाठी राखून ठेवलेला भाग मेंदूत सापडलेला नाही. भाकरी, भीती, ओळख, आठवण यांच्यासाठी असलेली यंत्रणाच चित्रासमोरही वापरली जाते. पाटणकरांच्या वाचकाला यात धक्का बसण्यासारखं काही नाही. एकच ध्रुव पुरेसा आहे असं कुणी म्हणालं, तरच त्याला हरकत घ्यावी लागेल.

मेंदूचं ज्ञान जिथे कलेच्या अंगाला सगळ्यात नेमकं बसतं, ती जागा डोळ्यांची. गोदाघाटावर सकाळी जलरंगात काम करणारे चित्रकार बसलेले असतात. नवख्याला त्यांची पहिली सूचना असते, ‘डोळे बारीक करून बघ.’ डोळे बारीक केले की देवळांवरचं कोरीवकाम नाहीसं होतं, कपड्यांचे रंग मावळतात, आणि उरतात फक्त उजेड-अंधाराचे मोठे ठोकळे. मेंदूशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी दाखवलं की आपली दृष्टी हे काम खरंच वेगळं वाटून करते. वस्तू कुठे आहे आणि हलते का, हे बघणारी वाट रंगांना जवळपास आंधळी असते, तिला फक्त उजळपणा कळतो. मोनेच्या १८७२ सालच्या सूर्योदयाच्या चित्रातला केशरी सूर्य भोवतीच्या करड्या ढगांइतकाच उजळ आहे. चित्राचा कृष्णधवल फोटो घेतला तर सूर्य जवळजवळ विरघळतो. रंग बघणाऱ्या वाटेला सूर्य दिसतो, जागा ठरवणाऱ्या वाटेला तो नीट सापडत नाही, म्हणून तो थरथरल्यासारखा वाटतो. इथे मला कसलीही तक्रार नाही. हे स्पष्टीकरण चित्राकडे बोट दाखवतं, आणि ते कळल्यावर मी चित्रात काहीतरी जास्त बघते.

आता पांडवलेणी. शहरापासून जरा बाहेर, मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेचा त्रिरश्मी डोंगर, त्यात २४ लेणी. सकाळी चढायला येणाऱ्यांची गर्दी असते, बरेच जण वर पोचले की वारा खाऊन उतरतात. मी नेहमी तिसऱ्या लेण्यापाशी थांबते, आणि ओसरीत शिरण्याआधी खाली बघते. ओसरीच्या पायाशी दगडातून छातीपर्यंत वर आलेले गण आहेत. त्यांच्या खांद्यांवर तुळया टेकलेल्या आहेत आणि त्या तुळयांवर सगळं लेणं. जणू जमिनीखालून येऊन त्यांनी अख्खा विहार पालखीसारखा उचलून धरलाय. धड बुटकी, खांदे रुंद. काही चेहरे झिजून गुळगुळीत झालेत. त्यांच्यासमोर जरा वेळ उभं राहिलं की माझे खांदे आवळतात. मान किंचित आत जाते.

हे निव्वळ माझं काव्य नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन विचारवंत याबद्दल बरंच लिहीत होते. आपल्याला भार पेलण्याचा शरीराने अनुभव असतो म्हणून खांब भार पेलताना ‘दिसतो’, असं हाइनरिश वोल्फ्लिनने १८८६ साली मांडलं, आणि थिओडोर लिप्सने त्यावर मोठा सिद्धांत उभारला. इटलीत पार्मा इथे माकडांच्या मेंदूत आरसापेशी, म्हणजे स्वतः कृती करताना आणि दुसऱ्याची तीच कृती बघतानाही जाग्या होणाऱ्या पेशी, सापडल्यावर या विचाराला नवं बळ आलं. कलेतिहासकार डेव्हिड फ्रीडबर्ग आणि मेंदूशास्त्रज्ञ व्हित्तोरिओ गालेसे यांनी २००७ साली म्हटलं की चित्रातली कृती किंवा कलावंताच्या हाताची खूण पाहून आपल्या शरीरात तिचं मूक अनुकरण उठतं. २०१२ साली लुचिओ फोंतानाच्या, पात्याने फाडलेल्या कॅनव्हासची चित्रं दाखवून ईईजी, म्हणजे मेंदूलहरींचा आलेख, काढला. खरी चीर दाखवली की हालचालीशी संबंधित मेंदूलहरींत बदल दिसला. चिरेच्या जागी नुसती रेघ काढलेली चित्रं दाखवली तेव्हा तो दिसला नाही. माणसातल्या आरसापेशींबद्दल जे मोठमोठे दावे झाले त्यांवर वाद आहेत, आणि ते वाद रास्त आहेत. पण तिसऱ्या लेण्यासमोर माझ्या खांद्यांना जे होतं, त्याला या संशोधनात जागा आहे.

गंमत अशी की तिथे भार नाहीच. लेणं बांधलेलं नाही, डोंगर आत कोरत नेलाय. त्या तुळया कशावर टेकलेल्या नाहीत, त्या, ते गण आणि वरचा विहार सगळा एकच कातळ. हे मला पक्कं माहीत असतं, आणि खांद्यांना त्याने काडीचा फरक पडत नाही. मग मला भ्रम होतोय का? भ्रम म्हणता येत नाही, कारण मी फसलेली नाही. भरताच्या नाट्यशास्त्राचा भाष्यकार शंकुक याने याचं उत्तर हजार वर्षांहून जास्त आधी दिलंय. चित्रातल्या घोड्याला आपण घोडा म्हणतो ते ज्ञान खरं नाही, खोटं नाही, संशय नाही, ‘घोड्यासारखं आहे’ अशी तुलनाही नाही. त्याची जातच वेगळी. शरीराचं अनुकरण आणि डोक्यातली माहिती दोन्ही शेजारी शेजारी, एकमेकांना न खोडता नांदतात. मेंदूविज्ञानाने पहिल्याची वाट दाखवली. दोन्ही मिळून जे होतं त्याला काय म्हणायचं, हे शंकुकाने पाहिलं.

लासलगावच्या बाजारात पाठीवर कांद्याची गोणी घेतलेला हमाल बघितला तरी माझे खांदे तसेच आवळतात. प्रतिक्रिया तीच. फरक पुढे पडतो. हमालाकडे बघताना मनात येतं, याला किती मजुरी मिळते, पाठ दुखत असेल, गोणीचं वजन कमी करायला हवं. आणि तसं यायलाच हवं. गणांकडे बघताना मी कशालाही धावत नाही, फक्त तो भार अधिकाधिक स्पष्ट होत जातो, आणि तो कुणाचा आहे हा प्रश्न सुटून जातो. काश्मीरचा रसमीमांसक अभिनवगुप्त याला साधारणीकरणाच्या अंगाने समजावतो: भाव ‘माझा’ राहत नाही, ‘त्याचा’ही राहत नाही. रसात येणारी जी विघ्नं त्याने मोजली, त्यांत आपल्याच सुखदुःखात अडकून पडणं हे एक आहे.

इथे एका मेंदूप्रयोगाशी त्याची सरळ टक्कर होते. न्यूयॉर्कमध्ये २०१२ साली सोळा जणांना १०९ चित्रं दाखवली आणि प्रत्येक चित्र किती हलवून गेलं याला एक ते चार गुण द्यायला सांगितले. चार गुण मिळालेल्या चित्रांच्या वेळी मेंदूतलं डिफॉल्ट मोड नेटवर्क जागं झालेलं आढळलं. एरवी बाहेरच्या कशात लक्ष घातलं की हे जाळं शांत होतं, आणि आपण स्वतःत रमलो, जुनं आठवू लागलो, की चालू होतं. संशोधकांनी अर्थ लावला की फार भिडणारी कला स्वतःला स्पर्श करते. म्हणजे एकीकडे ‘मी’ गळून पडतो तेव्हा रस, दुसरीकडे ‘मी’ची यंत्रणा चालू होते तेव्हा कला भिडते.

मी या विसंगतीवर बरंच डोकं लावलं. मला वाटतं, अडचण ‘स्वतः’ या खुणेत आहे. तेच जाळं दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज घेताना, न घडलेल्या गोष्टींची कल्पना करतानाही काम करतं. यंत्राच्या पडद्यावर माझं खाजगी दुःख उगाळणं आणि कुणाचंही नसलेलं दुःख भोगणं यांचा रंग एकच दिसू शकतो. आणि कलेत तर नेमका तोच फरक आहे. एखाद्या करुण प्रसंगात मला माझी वारलेली आजी आठवून रडू आलं, तर ते रडणं खरं असतं. पण नटाचं काम तेवढ्यापुरतं मी पाहायची थांबलेली असते. हा भेद करायला शब्द लागतात, अनुभवणाऱ्याला नीट प्रश्न विचारावे लागतात. अभिनवगुप्त वाचलेल्या कुणीतरी त्या सोळा जणांसाठी प्रश्नावली तयार करायला हवी होती, असं मला अगदी मनापासून वाटतं.

संगीताबद्दल थोडक्यात. मॉन्ट्रियलमध्ये २०११ साली दाखवलं गेलं की आवडत्या संगीताने अंगावर काटा येतो त्या क्षणी मेंदूच्या एका भागात डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन सुटतं, आणि तो क्षण येण्याआधी, वाट बघताना, दुसऱ्या भागात. पलुस्करांनी उत्तरायुष्यात जिथे आश्रम थाटला त्या या गावात मैफली ऐकत वाढलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. तिहाई सुरू झाली की श्रोते श्वास धरतात, समेवर सगळ्यांच्या माना एकदम पडतात. पण समेची वाट बघायची तर ताल अंगात मुरलेला लागतो. ज्याला आवर्तन कळत नाही त्याला तीच तिहाई नुसती तीनदा वाजलेली बोलांची ओळ. वाट बघण्याचं सुख शिकून येतं.

हा अभ्यास शरीरात किती खोल जातो, ते लंडनच्या एका प्रयोगाने २००५ साली दाखवलं. बॅले करणाऱ्यांना आणि कपोएरा हा ब्राझीलचा युद्धनृत्यप्रकार करणाऱ्यांना दोन्ही नृत्यांच्या चित्रफिती दाखवल्या. ज्याने जे नृत्य साधलं होतं ते पाहताना त्याच्या मेंदूतले हालचालीचे भाग जास्त जागे झाले. दोघांचे डोळे तेच बघत होते, दोघांना दिसत मात्र एकच नव्हतं. काव्याच्या अनुशीलनाने, अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा लख्ख झालाय तो सहृदय, ही अभिनवगुप्ताची व्याख्या आहे. त्यातला अभ्यास शब्दशः घ्यायला आता हरकत नसावी.

पण एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा बघितल्याने नुसती आवडू लागते, हेही सिद्ध आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स कटिंगने विद्यार्थ्यांना तासांच्या ओघात कमी प्रसिद्ध इम्प्रेशनिस्ट चित्रं वारंवार दाखवली आणि ती त्यांना जास्त आवडू लागली. मग अभिजात कला म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या लादलेली सवय, असं म्हणायचं का? लीड्समधल्या काही तत्त्वज्ञांनी हा प्रश्न स्वतःच प्रयोगाला लावला आणि २०१३ साली निष्कर्ष छापले. त्यांनी थॉमस किंकेडची गोड गुलाबी घरांची चित्रं आणि जॉन मिलेची चित्रं तशीच वारंवार दाखवली. किंकेडची चित्रं जितकी जास्त बघितली गेली तितकी कमी आवडू लागली. मिलेच्या बाबतीत तशी घसरण झाली नाही. प्रयोग छोटा आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण मला तो वाचून फार आनंद झाला. जास्त बघितल्यावर काहीतरी ‘लागलं’, आणि ते चित्रात होतं. ह्यूमच्या त्या दोघांसारखं.

म्हणून किल्ली आणि किंमत वेगळी ओळखण्याचा मी स्वतःपुरता एक निकष धरला आहे. जी माहिती कळल्यावर मला वस्तूत नवीन काही दिसतं, नजर नव्या जागी जाते, ती किल्ली. जी कळल्यावर नजर तिथेच राहते आणि फक्त सुख वाढतं, ती किंमत. ऑक्सफर्डच्या प्रयोगात ‘अस्सल’ ऐकणाऱ्यांना किंमत मिळाली. ‘नक्कल’ ऐकणारे बिचारे सुखावले नाहीत, पण खोट शोधत चित्रात उतरले.

तिसऱ्या लेण्यावर हे तपासता येईल. ओसरीच्या मागच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत, प्राकृतात कोरलेला लेख आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी गौतमी बलश्रीने, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने, हे लेणं भिक्षुसंघाला दिलं. लेखात ती आपल्या मुलाचं वर्णन करते: ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, ज्याने क्षहरातांचा वंश निखळून काढला. आणि पुढेच काही अंतरावर दहावं लेणं त्याच क्षहरात नहपानाच्या जावयाने, उषवदाताने, दिलेलं. दोन्हीकडचे खांब ताडून बघितले तर घाट एकाच वळणाचा. शत्रूचा पाडाव झाला आणि त्याच्या लेण्याचा घाट ठेवला गेला. हे कळल्यावर मी तिसऱ्या लेण्यातून दहाव्यात आणि दहाव्यातून तिसऱ्यात फिरते, खांबांची घंटेसारखी शीर्षं आणि वरचे प्राणी बघते. गणांच्या खांद्यावरचा भारही मला त्या आईच्या वाक्यांसकट दिसतो. माझ्या लेखी ही किल्ली.

माझ्या हातात साधनं असती तर मी डोळ्यांच्या हालचाली टिपणारे चष्मे देऊन तीन गटांना तिथे नेलं असतं. आल्फ्रेड यार्बुसने साठच्या दशकात छापलेल्या प्रयोगांत दाखवलंच आहे की प्रश्न बदलला की त्याच चित्रावर नजरेचा प्रवास पूर्ण बदलतो. पहिल्या गटाला मी फक्त सांगेन की हे जगप्रसिद्ध, अमूल्य लेणं आहे. दुसऱ्याला बलश्रीचा लेख वाचून दाखवेन. पहिल्या गटाचं समाधान वाढेल आणि नजर वाऱ्यावरच राहील, दुसऱ्याची नजर फिरेल, असा माझा अंदाज आहे.

तिसऱ्या गटाला मी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली गोष्ट सांगेन, की ही लेणी पांडवांनी कोरली. डोंगराचं चालू नाव त्या गोष्टीतूनच आलंय. ती इतिहास म्हणून खोटी आहे, लेणी बौद्ध आहेत, आणि हे स्पष्टच सांगायला हवं. पण ती ऐकून आलेली मुलं गणांसमोर थांबतात, खांदे मोजतात, यातला भीम कुठला ते भांडून ठरवतात. नजर तर फिरते आहे. मग खोटी गोष्ट किल्ली ठरते का? माझ्या निकषात सत्याला जागा नाही, आणि ही त्याची उणीव आहे असं मला वाटतं, कारण भीम शोधणाऱ्या मुलाला गणाचे खांदे दिसतात पण बलश्री कधीच दिसणार नाही, आणि ज्यांनी हे कोरलं ते कारागीर आणि ज्यांच्यासाठी कोरलं ते भिक्षू त्या लेण्यातून पुसले जातात. निकषात मला म्हणून एक भर घालावी लागते: जे दिसू लागलं ते तिथे खरंच ठेवलेलं होतं का. चष्मा मला नजर कुठे गेली ते सांगेल. ठेवलेलं काय होतं, यासाठी लिपी वाचणारे, दगड ओळखणारे, पाली जाणणारे आणि अजूनही तिथे वंदनेला येणारे बौद्ध उपासक, या सगळ्यांना त्या प्रयोगात घ्यावं लागेल, आणि पहिली बैठक लेण्याच्या ओसरीतच भरवावी असं मला वाटतं.